सव्वासहाचा फोन

अक्कलकोट रोड एमआयडीसीत शिरल्यावर "मेलवाले अण्णा कुठं बसतात ओ?" असं कुणालाही विचारा. चहाच्या गाड्यावरचा माणूससुद्धा हातातली किटली खाली न ठेवता शिवप्पाशेठच्या टॉवेलच्या कारखान्याकडं मान वळवायचा. मेलवाले अण्णा म्हणजे गुरुशांत हत्तुरे. वय वर्षं छप्पन्न, कपाळाला विभूती, खिशाला दोन पेनं आणि तिसरं कानामागं, जे ते दिवसभर शोधत असत. कंपनीच्या कागदावर त्यांचा हुद्दा 'सिस्टीम असिस्टंट' असा होता. पण असिस्टंट म्हणजे नक्की कुणाचा, हे कधी कुणी सांगितलं नाही, कारण त्यांच्या वरही कुणी नव्हतं आणि खालीही कुणी नव्हतं.

टायपिस्ट म्हणून लागलेला हा माणूस. मग टेलेक्स आला, फॅक्स आला, कॉम्प्युटर आला. दर वेळी शिवप्पाशेठ नवं यंत्र टेबलावर ठेवायचे आणि म्हणायचे, "हत्तुरे, हे पण तुमीच बघा." अण्णांनी बघितलं. शेवटी कंपनीचा स्वतःचा मेल सर्व्हर आला, तोही त्यांनीच बघितला. शेठच्या केबिनशेजारी, देवघराला लागून एक बारकी खोली, तिथं तो आणि अण्णांचं टेबल ठेवलं. त्या खोलीत एसी चोवीस तास चालू, म्हणून उन्हाळ्यात हापिसातल्या बायका ताकाच्या बाटल्या तिथंच ठेवायच्या आणि शेठची आंब्याची पेटीही तिथंच पिकायची. दर सोमवारी अण्णा सर्व्हरला तीन बोटं विभूती लावायचे. नऊ वर्षांत तो एकदाही बिघडला नाही. त्याचं अर्धं श्रेय ते विभूतीला द्यायचे आणि अर्धं स्वतःला. एसीला कुणी विचारलं नाही.

कारखान्याच्या जागा तीन. अक्कलकोट रोडला माग आणि हापिस. चिंचोळी एमआयडीसीत रंगखातं, तिथं दाक्षायणी नावाची तरतरीत मुलगी रंगाच्या छटा जुळवायची. आणि होटगीला, रुळांच्या पलीकडं, गोडाऊन. तिथं सिद्धाप्पा. खोकी भरणं, मोजणं, कंटेनरमध्ये चढवणं, सगळं त्यांच्याकडं. तिन्ही जागांना मिळून मेलची पेटी एकच, कारण शेठचं म्हणणं असं, की घर एक तर दारही एकच असावं.

आता हे मेल होटगीला पोचायचे का? नाव नको. होटगीचं मशीन दर मिनिटाला सर्व्हरचं दार ठोठावायचं, नाव-पासवर्ड सांगायचं आणि आत जे दिसेल ते सगळंच्या सगळं ओढायला लागायचं. त्यात डिझाईनवाल्यांनी टॉवेलच्या किनारीचे चाळीस फोटो पाठवलेले असले की संपलंच. तिथल्या किरट्या लाईनवर ते गाठोडं निम्म्यात अडकायचं, लाईन तुटायची आणि पुढच्या मिनिटाला तेच गाठोडं पुन्हा पहिल्यापासून. मागचे कामाचे मेल आपले रांगेत उभे. चिंचोळीला थोडं बरं होतं, म्हणजे तिथं दिवसातून चारच वेळा अडकायचं.

मग अण्णांच्या टेबलावरचा फोन वाजायचा.

"अण्णा, मेल आडाकलाय बगा. सकाळधरनं निस्तं गोल गोल फिरतंय."

"अडकू दे. लिहून घ्या सिद्धाप्पा. पांढरे मोठे, चारशे खोकी, लेबल निळं. झालं?"

"व्हय. निळं."

"आणि खालच्या ओळीत काय म्हणतोय, खोक्यावर पाण्याचा डाग चालणार नाही."

"त्येला म्हणावं, हितं प्यायला पाणी न्हाई, डाग कुटला पडतुय."

असे दिवसाला तीस-पस्तीस फोन. अण्णांच्या एका हातात भाकरी आणि दुसऱ्या हातात रिसीव्हर, शेंगाचटणीची बोटं कीबोर्डला. घरी गेल्यावर बायकोला, महादेवीला, सांगायचे, "माझ्याशिवाय तिथं एक पान हलत नाही. कंटाळा आलाय मला." कंटाळा आलेल्या माणसाचा चेहरा असा नसतो, हे महादेवीला लग्नानंतर वर्षभरातच कळलं होतं.

खरं सांगायचं तर या दुखण्यावरचं औषध अण्णांना ठाऊक होतं. नऊ वर्षांपूर्वी पुण्याला दोन दिवसांचं प्रशिक्षण झालं होतं, त्याचं प्रमाणपत्र फ्रेम करून खुर्चीच्या मागं लावलेलं होतं. औषध साधं होतं. मेल सर्व्हरवरच राहू द्यायचे. लांबच्या मशीनला आधी फक्त कोणाचा आणि कशाबद्दल एवढीच चिठ्ठी पाठवायची, उघडला तरच मजकूर, मागितले तरच फोटो. आणि दर मिनिटाला दार ठोठावण्यापेक्षा एकदा दार उघडलं की उघडंच ठेवायचं. एका जागेला अर्धा तास लागला असता. पण आधी दिवाळी होती, मग संक्रांतीला गड्ड्याची यात्रा आली, मग मार्च एंड, मग पुन्हा दिवाळी. मशीन सुधारलं तर फोन कशाला वाजेल, हा विचार अधूनमधून डोक्यात यायचा, पण अण्णा त्याला आत बसायला खुर्ची देत नसत.

यंदा गड्ड्याची यात्रा उठली आणि शिवप्पाशेठांनी कारभार मुलाच्या हातात दिला. ऋतुराज पुण्यात शिकलेला, मनानं वाईट नाही, पण सोलापुरात तो प्रत्येक गोष्टीकडं असा बघायचा, जणू ती दुकानात परत करायची आहे. एप्रिलच्या मध्यावर त्यानं अण्णांना केबिनमध्ये बोलावलं.

"हत्तुरेकाका, तुमच्या टेबलावर काल छत्तीस फोन आले. मी मोजले. त्यातले एकतीस मेल वाचून दाखवायला. हे बरोबर आहे का?"

अण्णा म्हणाले, "लाईनच तशी आहे ना, मालक."

"पुण्याची एक कंपनी आपला सगळा मेल त्यांच्याकडं न्यायला तयार आहे. पण बाबा म्हणतात, हत्तुरेंना एक संधी द्या. तर पंधरा दिवस. होटगी आणि चिंचोळीकडून एकही तक्रार आली नाही, तर आपला सर्व्हर राहील आणि तुम्ही तो सांभाळाल. नाहीतर ती खोली मोकळी करून तिथं सॅम्पलचं कपाट ठेवू."

कपाट आल्यावर हत्तुरे कुठं बसतील, हे ऋतुराज बोलला नाही आणि अण्णांनी विचारलं नाही. खोली आठ बाय सहाची. कपाट आणि खुर्ची दोन्ही मावणार नव्हती. रिटायर व्हायला दोन वर्षं होती, आणि ती दोन वर्षं शेळगीच्या घरी ओट्यावर बसून काढावी लागणार होती. ओट्यावर बसणाऱ्या माणसाला कुणी फोन करत नाही.

मग काय, त्याच रविवारी कंबर कसली. सकाळी चिंचोळी, दुपारी होटगी. होटगीला जावंही लागलं नाही, आपल्या खुर्चीतूनच त्यांनी तिथलं मशीन हातात घेतलं. पडद्यावरचा बाण आपोआप हिंडताना बघून सिद्धाप्पा फोनवर हळूच म्हणाले, "अण्णा, ह्येच्यात कोन शिरलंय?"

"मीच आहे. हात लावू नका."

अर्ध्या तासात काम झालं. नऊ वर्षांचं दुखणं अर्ध्या तासात गेलं, याची अण्णांना थोडी लाजही वाटली. आणि लाज वाटली की माणूस जरा जास्तच ऐटीत बोलतो. सिद्धाप्पांनी विचारलं, "आता म्या काय येगळं करायचं?" तेव्हा काय बदललंय ते दोन वाक्यांत सांगता आलं असतं. पण अण्णा म्हणाले, "काहीच नाही. तुम्हाला कळणारसुद्धा नाही, असं काम केलंय. पहिल्यासारखंच वापरत जावा."

पहिल्यासारखंच. हा शब्द सिद्धाप्पांनी पक्का लक्षात ठेवला.

सोमवारी सकाळी होटगीहून फोन आला. "अण्णा, मेल आला. आपल्या आपन आला. फोटूवाला हाय, तरी बी आला." त्यानंतर फोन बंद झाले. मंगळवारी एक राँग नंबर. बुधवारी तोही नाही. अण्णा डबा खायचे, दोन्ही हात मोकळे. भाकरी एवढ्या लवकर संपते हे त्यांना इतक्या वर्षांत माहीत नव्हतं. दिवसातून दोनदा रिसीव्हर उचलून टोन येतोय का बघायचे. एकदा स्वतःच होटगीला फोन लावला.

"काही अडचण, सिद्धाप्पा?"

"काय बी न्हाई. लई झ्याक चाललंय."

"बघा हं. लाजू नका, असली तर सांगा."

"नसल्यावर काय सांगू ओ?"

तेही खरंच. घरी संध्याकाळी अण्णा मोबाईल समोर ठेवून बसायचे आणि मध्येच उचलून बघायचे. चार दिवस महादेवीनं बघितलं, पाचव्या दिवशी म्हणाली, "साकु री, पुरे आता. ताप आलाय का त्या फोनला, सारखं हात लावून बघायलाय?" अण्णा चिडले आणि जेवायला बसताना मीठ जास्त पडलंय म्हणाले. मीठ बरोबर होतं.

दहाव्या दिवशी ऋतुराज खोलीत डोकावला. "काका, व्हेरी गुड. एकही तक्रार नाही." वळता वळता थांबला. टेबल बघितलं, गप्प बसलेला फोन बघितला, आंब्याची पेटी बघितली. मग अगदी सहज, काही मनात नसताना त्यानं विचारलं, "मग आता दिवसभर काय करता तुम्ही?"

अण्णांनी सर्व्हरकडं हात केला. सर्व्हर आपला आपण चालला होता. नापास झाले असते तर खोली जाणार होती, आणि पास झाले तर खोलीत काय करता म्हणून विचारणा होत होती. त्या रात्री अण्णांना जेवण गेलं नाही आणि त्यांनी मिठाला दोष दिला नाही.

चौदाव्या दिवशी दुपारी चार वाजता फोन वाजला आणि अण्णा दचकलेच. चिंचोळीची दाक्षायणी होती.

"काका, नेट गेलं. बाहेर पाईपसाठी खणायलेत, त्यात केबल तुटली."

"अरेरे," अण्णा म्हणाले, पण आवाज लग्नाचं आमंत्रण आल्यासारखा. "थांब, मी येतो." गाडीची किल्लीसुद्धा घेतली. दारात ऋतुराज. तो म्हणाला, उन्हात कशाला जाता, लाईनवाल्यांना सांगितलंय, ते जोडतील, ही काही आपली तक्रार धरत नाही मी. अण्णा किल्ली घेऊन परत खुर्चीत बसले.

पावणेसात वाजता ऋतुराज पुन्हा आला. या वेळी चालत नाही, जवळजवळ धावत. ओसाकाच्या खरेदीदाराचा मोबाईलवर निरोप होता. तीन वाजता मेल पाठवलाय, बारा छटांपैकी तीन बदलल्यात, खोक्यात किती टॉवेल तेही बदललंय, त्याप्रमाणेच माल भरा. आमच्याकडं आता आठवडाभर सुट्टी, हापिस बंद, फोन बंद. आणि होटगीला कंटेनर सकाळी सहाला भरायचा होता. ऋतुराज आधी मागांवर, मग साडेचारपासून बँकेत, मेल बघायला आता कुठं बसला, तर पेटी उघडतो तो काय, आत काहीच नाही. एकही मेल नाही. ओसाकाचा नाही, कुणाचाच नाही.

"सर्व्हर गेला," ऋतुराज म्हणाला. "मी सांगत होतो बाबांना."

"सर्व्हर नाही जात मालक, माणसं जातात," अण्णा म्हणाले आणि नोंदी उघडून बसले. सर्व्हर सगळं लिहून ठेवतो. सहा वाजून बत्तीस मिनिटं, होटगीचं मशीन, दोनशे बारा मेल पुसले. सहा तेहतीस, कचऱ्याची पेटीही रिकामी केली. रोजची नक्कल रात्री निघते, म्हणजे आज दुपारचा मेल तिच्यात असणार नव्हता. अण्णांनी होटगीला फोन लावला.

"सिद्धाप्पा, आज काय केलंत?"

"काय न्हाई. दुपारधरनं निस्तं झाडलं, लोटलं. आज अवस न्हाई का?"

अमावस्या. अण्णांनी डोळे मिटले. सिद्धाप्पा धनगराघरचे, त्यांचा नेम कडक. दिवा लागल्यावर झाडू लावायचा नाही, म्हणून दिवेलागणीच्या आधी गोडाऊन रोज स्वच्छ. आणि दर अमावस्येला त्याबरोबर वजनकाटा, कुलपं, कॉम्प्युटर, सगळं साफ करून भंडारा लावून नारळ फोडायचा. होटगीचं जुनं मशीन भरून जायचं तेव्हा अण्णांनीच त्यांना शिकवलं होतं, सगळं निवडा आणि पुसा. सिद्धाप्पा नऊ वर्षं दर अमावस्येला पुसत होते. तेव्हा त्यांच्या मशीनवरची नक्कल जायची, सर्व्हरला काही कळायचंही नाही. आता नक्कल नव्हतीच. आता होटगीत मारलेला झाडू थेट अक्कलकोट रोडपर्यंत पोचत होता, आणि तो अण्णांनीच पोचवला होता.

"आणि कचऱ्याची पेटी कशाला रिकामी केली?"

"कचरा घरात ठिवून दिवा लावत्यात व्हय?" सिद्धाप्पांनी विचारलं. त्यांचा आवाज आता बारीक झाला होता. "काय चुकलं का अण्णा? तुमीच म्हनला व्हता, पयल्यावानीच."

तेवढ्यात अण्णांना चिंचोळी आठवली. चारला केबल तुटली. मेल तीनचा. दाक्षायणीच्या मशीननं तो उघडला असेल, तर तो अजून तिथं असेल, कारण होटगीत काय झालं हे त्या मशीनला अजून कळलेलं नव्हतं. कळायला फक्त लाईन जोडली जायला हवी. त्यांनी होटगीचा फोन ठेवला आणि तिचा मोबाईल लावला.

"काका, मी तुम्हालाच लावणार होते. वायरमन आलाय, झालंच बघा, दोन मिनिटांत नेट येतंय."

"त्याला म्हण, थांब."

"अहो, चार वाजल्यापासून..."

"दाक्षायणी, बाई, ऐक माझं. तू मशीनच्या मागं हात घाल आणि नेटची पिन उपसून काढ. आत्ता. मग बोल."

पलीकडं खुर्ची सरकल्याचा आवाज आला, काहीतरी खाली पडलं. ऋतुराज अण्णांच्या तोंडाकडं बघत उभा. मेल सुरळीत पोचावेत म्हणून ज्या माणसानं कंबर कसली होती, तो आता लाईन जोडू नका म्हणून हात जोडत होता.

"काढली," ती म्हणाली. "आणि काका, बाहेर आता हिरवा दिवा लागलाय."

"ओसाकाचा मेल दिसतोय?"

"दिसतोय की. दुपारीच वाचलाय मी."

अण्णांनी एवढा मोठा श्वास सोडला की टेबलावरचे कागद हलले. कानामागचं पेन त्यांना या वेळी पहिल्याच झटक्यात सापडलं. "वाच. सावकाश वाच." ती वाचत गेली, ते लिहीत गेले. मोरपंखी रद्द, त्याजागी राखाडी. दोन छटा फिक्या. लहान टॉवेल सहाऐवजी आठच्या खोक्यात. लिहून झाल्यावर दुसऱ्या फोनवर होटगी लावली आणि तेच सावकाश सिद्धाप्पांना सांगितलं. सिद्धाप्पा प्रत्येक ओळ परत म्हणत होते. "राखाडी. व्हय. आठ. व्हय." ते रंग गोडाऊनात आधीच पडून होते, सकाळी कंटेनर बरोबर भरून गेला.

पण ते सकाळी. त्या संध्याकाळी फोन ठेवल्यावर ऋतुराज खुर्ची ओढून बसला. "म्हणजे सर्व्हरचा दोष नाही. तुमचाही नाही. त्या म्हाताऱ्यानं पुसलं. उद्यापासून त्यांना घरी बसायला सांगा."

आता इथं अण्णांनी नुसतं गप्प राहायचं होतं. बाकी काही करायला नको होतं. सर्व्हर राहत होता, खोली राहत होती, खुर्ची राहत होती, आणि पंधरावा दिवस उद्यावर आला होता. अर्धा मिनिट ते गप्प राहिलेही, खोटं कशाला सांगू. वरून एसीचा आवाज येत होता. मग त्यांना सिद्धाप्पांचा तो बारीक झालेला आवाज आठवला आणि स्वतःचाच राग आला.

"सिद्धाप्पानं नाही पुसलं मालक. मी पुसलं. काय बदललंय ते त्यांनी मला विचारलं होतं. मी म्हणालो, काही नाही, पहिल्यासारखंच वापरा. त्यांनी पहिल्यासारखंच वापरलं."

"का नाही सांगितलं?"

"मोठेपणा," अण्णा म्हणाले. "आणि हे नऊ वर्षांपूर्वीच करता आलं असतं, तेही सांगून टाकतो. उद्या कपाट आणा तुम्ही."

ऋतुराजनं खिशातून मोबाईल काढला. मग त्यानं पुण्याच्या कंपनीला फोन लावला, स्पीकरवर. आमच्या एका गोडाऊनला एक जण दर अमावस्येला सगळे मेल पुसतो, तुमच्याकडं आलो तर काय होईल? पलीकडचा मुलगा उत्साहानं म्हणाला, "सर, सगळीकडून लगेच पुसले जातील. एका सेकंदात. तेच तर आमचं वैशिष्ट्य आहे." ऋतुराजनं आभार मानून फोन बंद केला.

"पुढची अमावस्या कधी?" त्यानं विचारलं.

"महिन्यानं."

"मला नाही कळत ते तिथी वगैरे. आपण धोका घ्यायचा नाही. रोज संध्याकाळी सव्वासहाला तुम्ही होटगीला फोन करून सांगायचं, पुसू नका. सिद्धाप्पा राहू देत. तुम्हीही राहा. पण हा फोन एकही दिवस चुकता कामा नये."

अशा रीतीनं अण्णांची खुर्ची वाचली. कामकाजाच्या वहीत 'सायंकालीन सुरक्षा फोन' असा रकाना पडला, बाहेरून तपासणीला आलेल्या साहेबानं त्याच्यापुढं बरोबरची खूण करून "फार छान पद्धत" असा शेराही मारला.

दुसऱ्याच दिवशी सकाळी अण्णांनी वीस मिनिटं घालवून होटगीला वेगळी पेटी करून दिली. मुख्य पेटीत येणाऱ्या प्रत्येक मेलची एक नक्कल तिच्यात पडेल, आणि ती पेटी झाडा, लोटा, नाहीतर चुलीत घाला, मुख्य पेटीला धक्का लागणार नाही. म्हणजे फोनची आता गरज नव्हती. हे सांगायला अण्णा ऋतुराजच्या केबिनपर्यंत गेलेही होते. आत तो कुणाला तरी सव्वासहाच्या फोनबद्दल मोठ्या कौतुकानं सांगत होता. अण्णा दारातून परत फिरले. म्हणाले, दिवाळीनंतर सांगू.

आणि रोज सव्वासहाला फोन सुरू झाला. पहिलं वाक्य ठरलेलं, "सिद्धाप्पा, पुसू नका हं." उत्तर ठरलेलं, "न्हाई पुसत, अण्णा." मग अर्धा तास इकडचं तिकडचं. आज कुठली मालगाडी किती वेळ उभी होती, सिद्धाप्पांच्या बायकोचा, म्हाळसाबाईंचा, गुडघा कसा आहे, मेंढरं कुणीकडं गेलीत, पाऊस होटगीला चुकवून परत अक्कलकोटकडंच का पळाला. घरी अण्णा पुन्हा कंटाळा आलाय म्हणायला लागले आणि महादेवीचा जीव भांड्यात पडला.

सर्वपित्रीच्या अमावस्येला ऋतुराजची बैठक लांबली. अण्णांना सुटायला पावणेसात झाले. त्यांनी घाईनं फोन लावला.

"सिद्धाप्पा, उशीर झाला ओ. पुसू नका."

पलीकडं लांब कुठंतरी इंजिनाची शिट्टी झाली.

"पुसलं की अण्णा. दिवा लावायची येळ झाली, किती थांबायचं."

"असू दे, असू दे. काही नाही होत."

"ठावं हाय मला," सिद्धाप्पा म्हणाले. "मागल्या अवसेला बी पुसलं व्हतं. त्येच्या मागल्या बी. तुमी फोन ठिवला की पुसायचो. पडद्यावर येगळी पेटी दिसली तवाच कळलं, तुमी दुरुस्त केलंय त्ये. काय बी व्हत न्हाई."

अण्णा रिसीव्हर धरून बसले. "मग रोज 'नाही पुसत' का म्हणता?"

"तुमी रोज इचारताय म्हून. गोडाऊनात माणूस नसतंय ओ दुसरं. सांजच्याला तुमचा फोन आला की दिस गेल्यावानी वाटतंय." मग जरा रागानंच ते म्हणाले, "आज येळंवर आला न्हाई तर म्या नारळ हातात घिऊन बसलोय. फोडला न्हाई अजून."

मेल अडकल्यावर काय करायचं ते अण्णांना येत होतं, माणूस अडकून बसल्यावर काय करायचं ते येत नव्हतं. ते म्हणाले, "फोडा आता. मी आहे फोनवर."

नारळ फुटल्याचा आवाज आला. अण्णांनी वही ओढली, रकान्यात सव्वासहा लिहिलं आणि म्हाळसाबाईंचा गुडघा आज कसा आहे ते विचारलं.